शेवटच्या खोलीतला वास

माझं नाक तिखट आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्या नाकाच्या गर्वापायी झालं. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या कलर किचनमध्ये मी वीस वर्षं काम करतोय. कलर किचन म्हणजे कापडाचे रंग मोजून कालवायची खोली. तिथं वजनकाटा आहे, तपासायचे कागद आहेत, पण टाकीत हायड्रो उरलंय की संपलंय हे मी झाकण उघडताच सांगतो. हायड्रो ही पांढरी पूड असते. तिला गंधकाचा वास येतो, विझलेली काडी नाकापुढे धरल्यासारखा. या धंद्यात बहुतेकांचं नाक पाच-सात वर्षांत मरतं. माझं मेलं नाही. मास्टर नव्या लोकांना सांगायचा, कागद कशाला बुडवता, ह्याला हाक मारा.

बायको मात्र मला नाकाने कांदे सोलणारा म्हणायची. तिनं मला फार आधी ओळखलं होतं.

आम्ही खानदेशातले. हायवेपासून आत, कॅनॉलच्या कडेला नऊ खोल्यांची एक ओळ आहे, तिथं आम्ही चौथ्या खोलीत भाड्यानं राहायचो. शेठ शहरात राहतो. त्याचा एक माणूस पहिल्या खोलीत किराण्याचं दुकान चालवतो आणि ओळीवर लक्ष ठेवतो. शेठची अट एकच, खोलीत मटण, मासे, अंडी शिजवायची नाहीत. अट सगळ्यांना मान्य होती, म्हणजे सगळे ती मान्य आहे असं म्हणायचे. आमच्याकडे महिन्यातून दोनदा अंडी उकडायची. टरफलं मी कागदात गुंडाळून मिलमध्ये नेऊन टाकायचो.

नववी खोली कोपऱ्यातली. दोन खिडक्या, मागं वेड्या बाभळीचं मोकळं रान, त्यापलीकडे ऊस. माझ्या बायकोचा त्या खोलीवर पहिल्यापासून डोळा होता. पण ती रिकामी झाली तेव्हा आम्ही गावी गेलो होतो, आणि परत येईपर्यंत विदर्भातलं एक बौद्ध कुटुंब तिथं राहायला आलं होतं. नवरा आमच्याच मिलमध्ये, कापड गरम करून ताणायच्या मशीनवर. त्या मशीनच्या वाफेनं त्याचं नाक पार गेलं होतं. बायको घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. भिंतीवर बुद्धाची आणि निळ्या कोटातली अशा दोन तसबिरी, आणि उंबरा इतका स्वच्छ की पाय ठेवायला संकोच वाटावा.

त्याची-माझी चांगली गट्टी जमली. रविवारी आम्ही दोघं हायवेवरच्या एका हॉटेलात मटण खायला जायचो. तो मला एकदा म्हणाला होता की शेठला शब्द दिलाय, तेव्हा घरात बायको अंडंसुद्धा आणू देत नाही. मी हसलो होतो. आमच्या टरफलांची गोष्ट त्याला सांगितली नाही.

वास उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आठ-दहा दिवस आधी सुरू झाला. पहिल्यांदा मला वाटलं माझ्याच शर्टाला हायड्रो लागलंय. शर्ट बदलला तरी वास होताच. गंधकाच्या जवळचा, पण गंधक नव्हे. जळलेल्या केसांचा उग्र दर्प, त्यात कुजक्या लसणाचा भपकारा, आणि सगळ्याच्या तळाशी जनावराच्या मुताचा खारट वास. दुपारी ऊन चढलं की कमी व्हायचा, सकाळी आणि दिवेलागणीला वाढायचा. ओळीच्या त्या टोकाला गेलं की डोळे चुरचुरायचे.

लोक आधी गटाराला नावं ठेवत होते. मग हळूहळू आवाज खाली आला. पाचव्या खोलीतल्या म्हातारीनं नळावर कुणाला तरी सांगितलं की ह्या लोकांचे आजे-पणजे गावात मेलेली ढोरं ओढायचे. तिला कुणी गप्प केलं नाही. मीही तिथंच बादली धरून उभा होतो.

नवव्या खोलीतल्या बाईच्या कानावर हे गेलं असणार, कारण ती दिवसातून दोनदा फिनेल टाकून उंबरा, मोरी आणि दारापुढची फरशी घासायला लागली. ते पाहून एकजण म्हणाला, खाई त्याला खवखवे. सगळे हसले. त्या हसण्यात माझंही हसणं होतं, आणि हे लिहिताना मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. नंतरचं तरी मी गर्वापायी केलं. हसलो मात्र उगाच, बाकीचे हसले म्हणून.

एका रविवारी सकाळी पाणी भरायच्या वेळेला ओळीतले सगळे बाहेर होते. दुकानदार म्हणाला की शेठकडे तक्रार गेली आहे, आता नक्की काय ते ठरवा. आणि तो माझ्याकडे वळला. "तमे ज सूंघी जुओ ने, भाई. तमारुं नाक तो मशीन छे."

तूच हुंगून बघ, तुझं नाक म्हणजे मशीन आहे, असं म्हटल्यावर मला राहवलं नाही. कलर किचनमध्ये एकेका टाकीचं झाकण उघडत जातो तसा मी पहिल्या खोलीपासून एकेका दाराशी थांबत, डोळे मिटून, श्वास घेत निघालो. लोक मागून येत होते. माझ्या खोलीपुढेही थांबलो, उगाच, पक्षपात नाही हे दिसावं म्हणून. नवव्या दाराशी पोचलो तेव्हा पुढचा श्वास घ्यावा लागलाच नाही. वास तिथंच होता, आणि तो आतून, मोरीच्या बाजूनं येत होता. नाकानं जागा बरोबर सांगितली होती.

बाई दारात उभी होती, बोटांना खड्यांचा गोंद लागलेला. नवरा आत दाढी करत होता, अर्ध्या गालाला फेस.

त्या क्षणी मला काय काय माहीत होतं, ते मोजून सांगतो. हा मटणाचा वास नाही, हे मला माहीत होतं, कारण मटण मी त्याच माणसाबरोबर खात होतो. गोंदाचा नाही, हेही माहीत होतं. हा जिवंत जनावराचा, त्याच्या अंगाचा आणि मुताचा वास आहे, हे माझं नाक स्पष्ट सांगत होतं. एवढं सगळं म्हणायला चार वाक्यं लागली असती. मी म्हणालो, "वास इथूनच येतोय. जनावराचा आहे."

दुकानदारानं विचारलं, कुठल्या जनावराचा?

मी म्हणालो, "ते त्यांनाच विचारा."

जातीचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, नळावरची म्हातारी ते काम आधीच करून गेली होती. ऐकणारे काय ऐकतील हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी तेवढंच बोलून थांबलो. उचलली जीभ लावली टाळ्याला असंही म्हणता येणार नाही. मी ते वाक्य तोलून बोललो होतो.

त्याच दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. आत बोलावलं तरी दाराबाहेरच उभा राहिला. भांडायला आला असता तर मी भांडलो असतो, माझी तयारी होती. पण त्यानं हळू आवाजात विचारलं, "भाऊ, खरंच आमच्या घरातून येते का वास? मले तं काहीच येत नाही. बायकोले येते, पण ते म्हणते मिलचा हाय."

मी म्हणालो, "येतो. खोटं कशाला सांगू?"

त्यानं मान हलवली आणि गेला. माझं म्हणणं खरं होतं, याचा मला तेव्हा आधार वाटला होता. खरं बोलूनही माणूस किती मोठं खोटं बोलू शकतो, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

पुढचं भराभर झालं. खडे लावायला साड्या वाटणाऱ्या बाईनं त्याच्या बायकोला काम देणं बंद केलं, साड्यांना वास लागेल म्हणून. शेठचा निरोप आला, खोली खाली करा. महिना संपायच्या आत ते एका छोट्या टेम्पोत सामान भरून गेले. मी ड्यूटीवर होतो. खरं तर त्या दिवशी मी ड्यूटी बदलून घेतली होती.

दुकानदारानं मला नववी खोली घेतोस का म्हणून विचारलं. खोलीसाठी मी ते केलं नव्हतं, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय आणि बहुतेक ते खरंही आहे. पण हो म्हणायला मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही.

आम्ही राहायला गेलो आणि वास तिथंच होता. आधीपेक्षा जास्त. बायकोनं मोरी ॲसिडनं धुतली, भिंतींना चुना मारला, कापूर जाळला. आता तीही दिवसातून दोनदा उंबरा घासायची, त्याच जागी, तशीच उकिडवी बसून. शेजारी काय म्हणाले? बिचारे, म्हणाले. त्या लोकांचा वास भिंतीत मुरलाय, जायला वर्ष लागेल. माझ्या घरातून येणारा वाससुद्धा त्यांच्याच नावावर राहिला. कुणी माझ्या आज्या-पणज्यांचं काढलं नाही. म्हातारीनं तर बायकोला धूप आणून दिला.

बायको एका संध्याकाळी मोरी घासता घासता थांबली. आम्ही घरी अहिराणीच बोलतो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "हाऊ वास तेस्ना नव्हता. तुम्हले माहीत व्हतं."

मी जेवायला वाढ म्हणालो.

होळीच्या आसपास मोरीच्या भोकातून आवाज यायला लागला. बारीक कुईकुई, मांजराच्या पिल्लांसारखी, पण मांजराची नव्हे. मी खोलीच्या मागं गेलो. बाभळीच्या काट्यांत, जोत्याच्या खाली, बांधकामाच्या वेळी टाकलेला सिमेंटचा एक जुना पाइप होता. त्याचं एक तोंड रानात उघडं, दुसरं आमच्या मोरीखाली. मी वाकलो आणि तो वास तोंडावर थपडेसारखा बसला. आत दोन डोळे होते. खोकड होतं. शेपटीचं टोक काळं, तोंड निमुळतं, अंग भाकरीच्या पिठाच्या रंगाचं. लहानपणी आमच्या गावच्या माळावर मी ते पाहिलं होतं, लांबून, पळताना. त्याचा वास कधी घेतला नव्हता.

बातमी अर्ध्या तासात ओळभर झाली. दुकानदारानं कुठल्याशा प्राणी वाचवणाऱ्या मंडळाला फोन केला, आणि त्यांची एक मुलगी स्कूटरवर आली. तिनं सांगितलं की ही मादी आहे, चार पिल्लं आहेत, हात लावू नका, महिन्या-दीड महिन्यात ती स्वतःच पिल्लं घेऊन जाईल. वासाचं विचारलं तेव्हा ती हसली. खोकडाच्या शेपटीच्या मुळाशी एक ग्रंथी असते, तिचा वास फार उग्र असतो, म्हणाली. त्यात थंडीत जोडी जमायच्या दिवसांत ते जागोजागी मुतून ठेवतात. मोकळ्या रानात तो वास वाऱ्यावर जातो, तेवढा जाणवत नाही. इथं बंद पाइपात साठला आणि मोरीवाटे वर आला. आपण पाटी लावतो ना दारावर, तसंच आहे त्यांचं, म्हणाली ती. इथं कुणीतरी राहतंय, एवढंच तो वास सांगत असतो.

मी विचारलं की हा वास कधीपासून असेल. ती म्हणाली, डिसेंबरच्या शेवटापासून असणार.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी विसरू शकत नाही. अख्खी ओळ पिल्लं बघायला लोटली. जे लोक नवव्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावायचे, ते त्याच वासात, त्याच्या उगमापाशी, तासतास उभे राहायला लागले. मोबाइलवर फोटो काढले, लेकरांना खांद्यावर घेऊन दाखवलं. पाचव्या खोलीतल्या म्हातारीनं बाळंतिणीला द्यावी तशी दुधाची वाटी ठेवली. एकाच्याही नाकावर रुमाल नव्हता. वास तोच होता, तसूभरही कमी झाला नव्हता. पण आता तो खोकडाचा होता, आणि खोकडाचा वास माणसाला चालतो.

मी गर्दीत उभा होतो. कुणीतरी त्या कुटुंबाचं नाव काढेल, अरेरे म्हणेल, असं मला वाटत होतं. कुणी काढलं नाही. मी तरी कुठं काढलं? बायको मागून म्हणाली, "आते तरी तेस्नाकडे जा." मी गेलो नाही. चार आठवडे गेलो नाही. रविवारी हायवेवरच्या त्या हॉटेलात जाणं मात्र सोडलं.

पिल्लं एके दिवशी आईबरोबर गेली, पाइप रिकामा झाला. त्याच्या पुढच्या रविवारी मी पत्ता विचारत विचारत कामरेजला पोचलो. त्यानं आमची मिल सोडली होती, आता तो तिथं एका छोट्या कारखान्यात होता. पत्र्याची खोली, हायवेच्या धुळीत. उंबरा तसाच स्वच्छ. फिनेलचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

तो कामावरून यायचा होता. बाईनं मला ओळखलं, क्षणभर तिथंच थबकली, मग बाहेरच खुर्ची टाकली आणि पाणी आणून दिलं. बसवायला लाज वाटावी असा पाहुणा मी होतो, तरी तिनं बसवलं. मी खाली बघत सगळं सांगितलं. पाइप, खोकड, पिल्लं, ती स्कूटरवरची मुलगी. मग म्हणालो की ताई, तुमचा वास नव्हता तो, आणि तुमचा नाही हे मला त्या दिवशीसुद्धा कळलं होतं.

मला वाटलं ती ओरडेल. ती उंबऱ्यावर टेकली. मग तिनं विचारलं, "किती होती पिल्लं?"

चार, मी म्हणालो.

"निंगायच्या दिवशी आमी माह्या सासूच्या गोधड्या कॅनॉलवर टाकून आलो," ती म्हणाली. "तीन होत्या. तिच्या लुगड्यायच्या, तिनंच शिवलेल्या. मी नोको म्हणत होते. हे म्हणे त्यातूनच येत असंन. म्हणे, भाऊचं नाक खोटं बोलत नाही."

माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं. मी आयुष्यात खूप लोकांचं ऐकून घेतलंय, मिलमध्ये शिव्याही खाल्ल्यात. पण कुणाच्या भरवशानं मी इतका उघडा पडलो नव्हतो. सगळ्या ओळीत माझ्या शब्दावर खरा विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याच घरापुढे उभं राहून मी तो विश्वास त्याच्याविरुद्ध वापरला होता.

तुम्ही त्यांना सांगाल ना, मी विचारलं. त्यांना सांगा, मी निघतो.

"नाही," ती म्हणाली. "माह्यं नाही ऐकत ते. रोज कामावर जायच्या आधी शर्ट माह्या नाकापुढे धरतेत, येते का म्हून इचारतेत. मी नाही म्हणते तं म्हणतेत, तुले सवय झाली. तुमीच थांबा. तुमचं ऐकतीन."

मी थांबलो. तासभर त्या खुर्चीवर, रस्त्याकडे तोंड करून. ती आत गेली आणि काम करत राहिली. फिनेलच्या आड चुलीचा, गोंदाचा, धुतलेल्या कपड्यांचा वास येत होता, कुठल्याही घराला येतो तो.

तो सायकल हातात धरून वळणावरून आला. मला पाहिलं आणि दहा-बारा पावलांवर थांबला. मी उठून उभा राहिलो, तरी तो पुढे आला नाही. मला वाटलं रागानं थांबलाय, आणि ते मला चाललं असतं. पण त्यानं सायकल स्टँडवर लावली, शर्टाचा पुढचा भाग चिमटीत धरून दोनदा झटकला, आणि तिथूनच विचारलं, "येते का, भाऊ, अजून?"

उत्तर लांबून देण्यासारखं नव्हतं. मी चालत त्याच्याजवळ गेलो, तो मागं सरकला तरी गेलो. गरम कापडाचा, मशीनच्या तेलाचा आणि घामाचा वास येत होता. संध्याकाळी माझ्याही अंगाला तोच येतो.

"नाही," मी म्हणालो. "तेव्हाही येत नव्हता."